शिवण उलटून पाहावी

पुणे,
कार्तिक वद्य ३

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद, विनंती विशेष.

तुझे पत्र आणि त्यासोबतची यादी परवाच पोचली. डिसेंबराच्या अखेरीस तू आणि तुझे तिघे मित्र हरिश्चंद्रगडावर दोन रात्री काढणार, त्याकरिता पहिल्या पगारातले दहा हजार रुपये तू बाजूला ठेवलेस, आणि ‘मामा, स्वस्तात चांगले ते कोणते, एवढेच कळवा’ असे मोठ्या विश्वासाने विचारलेस. परंतु ज्या मनुष्याने आयुष्याची एकतीस वर्षे सरकारी कोठारात येणाऱ्या ताडपत्र्या, कांबळी, बूट आणि कंदील यांची मोजदाद व पारख करण्यात घालविली, आणि सुटीचा बहुतेक प्रत्येक दिवस सह्याद्रीच्या वाटा तुडविण्यात, त्याला असा प्रश्न घातल्यावर उत्तर एका ओळीत येईल ही आशा तू सोडून दिलेली बरी.

आमच्या कोठाराचा एक शिरस्ता होता. निविदेबरोबर आलेला नमुना लाखेची मोहोर करून कपाटात ठेवावयाचा आणि पुढे पुरवठ्याचा माल आला म्हणजे तो त्याच्याशी ताडून पाहावयाचा. माल हलका निघाला तरी कापडात तो क्वचितच हलका असे. कारण कापड हाताला लागते, डोळ्यांना दिसते, आणि तेथे कसर केली तर ती तत्काळ उघडकीस येण्याची धास्ती असते. कसर होई ती कारकुनाचा हात सहसा जेथे पोचत नाही अशा ठिकाणी: टाक्यांमधले अंतर वाढलेले, दुमड अरुंद, कडीभोवती दुहेरी पट्टी असावयाची ती एकेरी, आणि आतला दोरा इतका कच्चा की नखाने ओढताच सुटावा. स्वस्त वस्तू वाईट असते असे मी कधीही म्हणणार नाही. माझ्याजवळच्या कित्येक जुन्या, इमानी वस्तू अगदी जुजबी किमतीच्या आहेत. परंतु किंमत उतरविताना पडलेली तूट कारखानदाराने कोठेतरी भरून काढलेलीच असते, आणि ती कोठे भरून काढली हे ज्याला हुडकता आले, व त्या जागी आपले काही अडत नाही अशी ज्याची खातरजमा झाली, त्याने ती वस्तू बेलाशक घ्यावी. रंगात, खिशांच्या संख्येत किंवा नाममुद्रेत तूट काढली असेल तर तो आपला फायदाच समजावा. शिवणीत काढली असेल, तर मात्र तिचा हिशेब रात्री दोन वाजता पठारावर चुकता करावा लागतो.

आता तुझ्या तंबूकडे वळू. त्याच्या वेष्टनावर ‘जलरोधक’ हा शब्द तर असणारच; तो सोडून दे आणि त्याखाली मिलिमीटरांचा काही आकडा छापला आहे काय ते पाहा. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवीत नेला असता किती उंचीपर्यंत ते कापड पाणी पाझरू देत नाही, याचे ते माप आहे. वरच्या छताला १५०० मिलिमीटर आपल्या कामापुरते होतात. तळाला याहून पुष्कळ अधिक, ३००० च्या आसपास असलेले चांगले, कारण ओल्या जमिनीवर तू गुडघा टेकलास की तेवढ्याशा जागेवर पावसाच्या थेंबाहून कितीतरी जास्त दाब पडतो. परंतु हा आकडा झाला कोऱ्या कापडाचा. त्याच कापडाला शिवणयंत्राच्या सुईने पुढे हजारो भोके पाडलेली असतात, आणि त्यांविषयी तो आकडा अवाक्षर काढीत नाही. म्हणून दुकानात तंबू उलटा करून शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी चिकटविली आहे काय, ती सलग आहे की कोपऱ्याकोपऱ्यांत सोडून दिली आहे, आणि नखाने तिची कड उचलते काय, हे प्रथम पाहावे. घरी आणल्यावर गच्चीत तो उभारून, आत वर्तमानपत्रे अंथरून, वरून नळीने अर्धा तास पाणी सोडावे. कागद जेथे ओला होईल तेथे खूण करावी आणि शिवणींना लावावयाचे डिंकासारखे द्रव्य मिळते ते तेवढ्या जागी लावावे. थोडक्या खर्चाच्या या खटपटीने मध्यम प्रतीचा तंबू पुष्कळदा उत्तम प्रतीचा होतो, आणि ही खटपट कोणी करीत नाही.

तंबू गळतो असा बोभाटा करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा तंबू वस्तुतः गळत नसतोच. चार माणसांच्या श्वासातली वाफ एकेरी कापडाच्या थंड छताला लागून पाणी होते आणि पहाटे त्यांच्याच तोंडावर ठिबकते, इतकेच. आत जाळीदार किंवा झिरझिरीत कापड आणि बाहेर निराळे छत असे दुहेरी कापड असले, व वर वारा खेळावयास झरोका असला, तर हा त्रास बराच निवारतो. म्हणून एकेरी कापडाचा तंबू कितीही सवंग मिळाला तरी घेऊ नये. काठ्या स्वस्त तंबूत काचतंतूच्याच मिळणार. त्या लांबट चिरतात, आणि तशी चीर गेली असता वरून सरकवावयाची एक धातूची नळी व चिकटपट्टीचे लहान वेटोळे जवळ असले म्हणजे त्यांविषयी माझी तक्रार नाही.

बुटांविषयी लिहिताना मला स्वतःचीच एक फजिती सांगणे प्राप्त आहे. एका सवलतीच्या विक्रीत मी बुटांचा एक उमदा जोड घेतला, आणि ‘चांगला आहे, जपून वापरू’ या आपल्या मध्यमवर्गीय न्यायाने सहा वर्षे माळ्यावर ठेवून दिला. पुढे याच हरिश्चंद्रगडाला खिरेश्वराहून तोलार खिंडीकडे चढत असता उजव्या बुटाचा तळ निम्मा सुटून जिभेसारखा लोंबू लागला, आणि खिंडीत पोचेतो डाव्यानेही त्याचेच अनुकरण केले. सुतळीने बांधलेले ते बूट घालून मी गड केला खरा, पण उतरताना पायांची जी दैना झाली तिचे वर्णन येथे करीत नाही. विक्रेत्याला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. मागाहून कळले की तळव्यातला पॉलियुरेथेनचा मऊ थर हवेतल्या दमटपणानेच हळूहळू विघटित होतो, मग बूट पायात असोत की पेटीत. तंबूच्या आतल्या लेपाचीही तीच गत. ओला गुंडाळून ठेवलेला तंबू काही वर्षांनी चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि लेपाचे पापुद्रे सुटू लागतात. तेव्हा जुन्या साठ्यातला माल अर्ध्या किमतीत मिळतो म्हणून हुरळू नकोस.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून पाहावेत. उतारावर बोटे पुढे आदळतात, म्हणून पुढे अंगठ्याएवढी मोकळीक असावी. तळाच्या रबरावर नख दाबून पाहा. नख थोडे रुतले पाहिजे. कारण आपला काळा पाषाण ओला व शेवाळलेला असला म्हणजे कठीण, चकचकीत तळ त्यावर साबणासारखा घसरतो. घोट्यापर्यंतची उंची, जलरोधक अस्तर, रंगीत नाड्या या सर्व गोष्टी या पकडीपुढे गौण होत. जवानांच्या पायांत दिसणारे कॅनव्हासचे हंटर बूट घालून आमच्या पिढीने गडच्या गड केले, आणि त्या बुटांना फॅशनीचा वारा कधी लागला नाही.

झोपण्याच्या पिशवीवर ‘उणे ५’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले तू लिहितोस. कोणाच्या प्रमाणाने, हे विचार. युरोपात याकरिता ईएन १३५३७ व पुढे आयएसओ २३५३७ ही प्रमाणे ठरली. त्यांत एक तापमान सुखाने झोप लागण्याचे, दुसरे कशीबशी झोप लागण्याचे, आणि तिसरे निकराचे असते. त्या तिसऱ्याचा अर्थ ‘झोप लागेल’ असा नसून ‘बहुधा जीव वाचेल’ एवढाच आहे, आणि नेमके तेच काही विक्रेते ठळक छापतात. प्रमाणाचे नाव नसेल तर तो आकडा म्हणजे निव्वळ शोभेचा मजकूर. पिशवी उजेडासमोर धरून पाहा. शिवणीच्या रेषांवर भरण विरळ होऊन उजेड आरपार येत असेल, तर त्याच रेषांतून थंडीही येईल. शिवाय अंगाखालचे भरण चेपून निकामी होते, म्हणून बंद पेशींच्या फोमची साधी कॅरीमॅट ही पिशवीहूनही आधी घ्यावी. थोडक्या पैशांत इतके काम करणारी दुसरी वस्तू तुझ्या यादीत नाही.

सॅकेचे बंद जेथे पाठीला शिवलेले असतात तेथला आडवा दाट टाका पाहा आणि चेन वळणावरून पाच-पन्नास वेळा फिरवून पाहा. याहून अधिक त्या विषयात लिहिण्यासारखे नाही. टॉर्च कोणतीही चालेल, मात्र सेल जास्तीचे ठेव.

यादीच्या तळाशी तू ‘दोर, जुना मिळाल्यास’ असे लिहिलेस, ते वाचून मात्र मी पत्र खाली ठेवले. तुम्हांला पाचनईच्या वाटेने जावयाचे आहे, तेथे दोर लागत नाही; आणि जेथे लागतो तेथे काटकसरीचा प्रश्नच उद्भवत नाही. जुना दोर कोणाच्या हाती होता, त्यावर कोण पडले, तो कशाने भिजला, याचा दस्तऐवज नसतो, आणि दोराची दुखापत बाहेरून दिसत नाही. दोर अडकवावयाच्या कड्यांचेही तसेच. चढाईच्या खऱ्या कॅराबिनरवर त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते, लांबीच्या दिशेने सहसा किमान २०; किल्ल्या अडकवावयाच्या दुकानी कड्यांवर तसे काही नसते, किंवा चढाईस निषिद्ध असल्याची सूचना असते. येथे मामाचा सल्ला नव्हे, हुकूम समज.

अखेर तुझ्या दहा हजारांची तजवीज. तंबू यादीतून काढून टाक. गड अभयारण्यात मोडतो. मुक्कामाविषयी वनखात्याचा नियम सध्या काय आहे ते आधी विचारून घे. पाचनईच्या गावकऱ्यांकडे राहण्याजेवणाची सोय होते, आणि कित्येकांजवळ भाड्याचे तंबूही असतात. वर्षातून दोन रात्रींसाठी तू तंबू विकत घेशील आणि उरलेले दिवस तो माळ्यावर माझ्या बुटांच्या वाटेने जाईल. वाचलेल्या पैशांतून बूट व कॅरीमॅट चांगली घे. पठारावर पहाटे पारा दहा अंशांखाली जाणे नवलाचे नाही, तेव्हा पिशवी बेताची असली तर तिच्यावर पांघरावयास माझी घोंगडी घेऊन जा. निघण्यापूर्वीच्या रविवारी येऊन घेऊन जावी. वजनाला ती जड आहे, हे खरे. आणि एका टोकाला उंदराने कुरतडलेले भोक आहे, ते टोक पायाकडे घ्यावे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा