मालक कोण?

गेल्या पावसाळ्यात सायन-ट्रॉम्बे रोडवर दादाची बाईक घसरली. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. चार वर्षं तो एका ॲपसाठी जेवणाच्या ऑर्डरी पोचवत होता. प्लास्टर निघाल्यावर बघतो तर आयडी बंद. सपोर्टच्या चॅटवर एकच उत्तर पुन्हा पुन्हा : तुमची विनंती नोंदवली आहे. मी म्हटलं, लेबर कोर्टात जाऊ. ओळखीच्या वकीलताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मालक कोण?"

सगळं तिथेच अडतं. दादाने ज्या अटींवर टिक केलं होतं, त्यांत तो 'डिलिव्हरी पार्टनर' आहे. पार्टनरला पीएफ नाही, पगारी रजा नाही. त्याला कामावरून काढलं असंही म्हणता येत नाही, कारण कागदोपत्री त्याला कामावर ठेवलेलंच नसतं. पण ऑर्डर कुठली, दर किती, वेळ किती, हे सगळं ॲप ठरवतं. दादाचं स्वतःचं काय, तर बाईक, पेट्रोल आणि बाईकचा हप्ता.

२१ नोव्हेंबर २०२५ला सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. तिच्यात 'गिग कामगार' हा शब्द आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची, त्यातून अपघात विमा, आरोग्य वगैरे योजना. हे हवंच होतं. पण व्याख्या वाचा : पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेर काम करून कमावणारा तो गिग कामगार. म्हणजे दादाला नाव मिळालं, मालक नाही मिळाला.

हाच प्रश्न आमच्या ट्रॉम्बेत पूर्वी येऊन गेलाय. स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीच्या रिफायनरीत (आजची एचपीसीएल) साफसफाई ठेकेदाराची माणसं करत. त्यांच्यासाठी वाद उभा केला तो कंपनीच्या कायम कामगारांनी. १९६० साली सुप्रीम कोर्टाने ठेक्याच्या कागदापलीकडे जाऊन काम कसलं आहे ते पाहिलं. काम रोजचं, बारमाही, रिफायनरी चालवायला गरजेचं. मग ठेकेदार कशाला? ही ठेकेदारी बंद करण्याचा आदेश कोर्टाने कायम ठेवला.

तुम्ही म्हणाल, डिलिव्हरीवाले दोन-दोन ॲप चालवतात, मग मालक कुणाला म्हणायचं? माथाडीचंही तेच होतं. आज या पेढीचा माल, उद्या त्या पेढीचा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. मंडळाकडे हमाल आणि व्यापारी दोघांची नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही, आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी. एक मालक नाही म्हणून हक्क नाहीत, हे कारण महाराष्ट्राने तेव्हाच निकालात काढलं होतं.

कर्नाटकाने २०२५च्या कायद्यात आणखी एक गोष्ट लिहिली : गिग कामगाराचं काम बंद करायचं असेल, तर आधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. आपल्याकडे निदान एवढं झालं, तरी आयडी बंद करणाऱ्याला कारण लिहून द्यावं लागेल, आणि त्या कागदाखाली कुणाची तरी सही असेल.