एमिलियाचं गप्प बसणं

'ऑथेल्लो'चा विषय निघाला की बोलणं इयागोवर येऊन थांबतं. साहजिकच आहे, नाटकात सर्वांत जास्त ओळी त्याच्याच वाट्याला आल्या आहेत, खुद्द ऑथेल्लोपेक्षाही जास्त. मी त्याच्या बायकोची, एमिलियाची भूमिका करते. तिच्या जागी उभं राहिलं की या नाटकातला संशय ऑथेल्लोपासून सुरू होत नाही, हे लगेच दिसतं. आपल्या बायकोचं ऑथेल्लोशी काही आहे असं इयागो पहिल्याच अंकात स्वतःशी बोलून जातो, आणि चौथ्या अंकात एमिलिया तोच संशय त्याच्या तोंडावर फेकते. म्हणजे तिला हे ठाऊक होतं. ऑथेल्लोच्या कानात विष पडायच्या कितीतरी आधीपासून ही बाई एका संशयी माणसाबरोबर संसार करते आहे.

म्हणून संशयी माणसाला कारण लागत नाही, संशय आपल्याच पोटी जन्म घेतो, असं ती ऑथेल्लोच्या बायकोला, आपल्या बाईसाहेब डेस्डेमोनाला सांगते तेव्हा ते वाक्य मी सुविचारासारखं म्हणत नाही. अंगावर काढलेल्या दुखण्याबद्दल बाई जसं हातातलं काम न थांबवता बोलते, तसं ते यायला हवं. या वाक्यावर टाळी आली तर मला वाटतं, काहीतरी बिघडलं.

आता रुमाल. ऑथेल्लोनं बायकोला दिलेली पहिली भेट, स्ट्रॉबेरीचं भरतकाम केलेली. त्याचं डोकं दुखतं म्हणून डेस्डेमोना तो कपाळाला बांधायला जाते, तो झिडकारतो, रुमाल खाली पडतो आणि दोघं निघून जातात. रंगमंचावर एमिलिया एकटी उरते. तालमीत बहुतेक वेळा कुठलाही पांढरा हातरुमाल देतात. मी पहिल्या तालमीपासून भरतकाम केलेलाच मागते. कारण तो उचलताना एमिलियाच्या मनात पहिल्यांदा येतं ते असं, की ही नक्षी उतरवून घ्यावी आणि नवऱ्याला द्यावी. तो कधीचा मागे लागला आहे. म्हणजे मूळ रुमाल परत करायचाच तिचा विचार आहे. हा विचार डोक्यातून येत नाही, बोटांतून येतो. अंगठा टाक्यांवरून फिरला, उलट बाजूचा दोरा बघितला, की पुढचं वाक्य आपोआप खरं वाटतं. मग इयागो येतो. ती क्षणभर रुमाल लपवते, दोन बरे शब्द मिळतील म्हणून. तो हिसकावून घेतो. ती परत मागते, बाईसाहेबांना वेड लागेल म्हणते. तो सांगतो, तुला काही ठाऊक नाही असंच दाखव.

लगेच पुढच्या प्रवेशात डेस्डेमोना विचारते, रुमाल कुठे पडला असेल गं? आणि एमिलिया म्हणते, ठाऊक नाही.

हे उत्तर कसं द्यायचं, यावर माझा बराच काळ गेला. ती घाबरून बोलली तर बिचारी होते, कावेबाजपणे बोलली तर इयागोची साथीदार होते. मला ते सवयीतून आलेलं वाटतं. नवऱ्यानं सांगितलंय, बोलू नको; संपलं. दिग्दर्शक इथे पॉज मागतात, प्रेक्षकांकडे एक नजर मागतात. मी देत नाही. पॉज घेतला की बाई विचार करते आहे असं दिसतं, आणि इथे ती विचार करतच नाही. तिचा विचार सुरू होतो त्यानंतर, ऑथेल्लो तिच्यादेखत रुमाल मागत ओरडतो तेव्हा. तिथे मला जवळजवळ वाक्यच नाही. दोघांपासून हातभर अंतरावर नुसतं उभं राहायचं. एका वाक्यानं सगळं थांबलं असतं आणि ते वाक्य तिच्याजवळ आहे. अख्ख्या भूमिकेत याहून कठीण जागा नाही.

शेक्सपिअरनं ही जागा मुद्दाम घडवली आहे. 1565 साली छापलेल्या चिंथिओच्या इटालियन कथेवरून त्यानं हे नाटक रचलं. त्या कथेत रुमाल नवराच चोरतो, आपल्या लहान मुलीला डेस्डेमोनाच्या कडेवर देऊन. बायकोला सगळा कट ठाऊक असतो, नवऱ्याच्या भीतीनं ती गप्प राहते, त्याच्या मागे जगते आणि ही सारी हकिकत तीच सांगते. शेक्सपिअरनं रुमाल तिच्या हातात दिला, कटाची माहिती काढून घेतली आणि जीवही घेतला. माझ्या मते कथेतल्या बायकोपेक्षा ही एमिलिया कितीतरी भीषण आहे. भीतीमुळे गप्प बसलेल्या माणसाला आपण समजून घेतो. चांगली बायको म्हणून गप्प बसलेलीचं काय करायचं?

आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. गणपतराव जोशींनी झुंजाररावाची भूमिका गाजवली. त्याच देवलांच्या 'फाल्गुनराव'मधून पुढे 1916 मध्ये 'संशयकल्लोळ' रंगमंचावर आलं. तिथेही अशीच एक वस्तू पडते, अश्विनशेठची तसबीर, आणि कृत्तिकेच्या हाती लागते. पण तिथे सगळे आरडाओरडा करत एकमेकांसमोर येतात, आणि त्या गलक्यातच गाठ सुटते. नाट्यशिबिरात मी मुलांना दोन्ही नाटकांतले प्रवेश एकापाठोपाठ करायला लावते. शोकांतिका रडण्यानं होत नाही, हे त्यातून त्यांना सांगण्याआधीच कळतं.

शेवटच्या प्रवेशात, डेस्डेमोनाचा जीव घेतल्यावर, ऑथेल्लो एमिलियाला सांगतो की हे सारं तुझ्या नवऱ्यानंच मला सांगितलं. ती पुन्हापुन्हा एवढंच विचारते, माझ्या नवऱ्यानं? प्रत्येक वेळी सूर चढवण्याचा मोह होतो. मी उलट खाली येते, कारण प्रत्येक वेळी ती संसाराचं एकेक वर्ष मागे जाऊन तपासते आहे. मग इयागो तिला घरी जायला फर्मावतो. ती चारचौघांत म्हणते की त्याचं ऐकणं माझं कर्तव्य आहे, पण आत्ता नाही. रुमालाचा उलगडा अजून व्हायचा आहे. तो नंतर होतो. सवय मोडते ती इथेच, पुरावा हाती येण्याआधी.

इयागोनं भोसकल्यावर ती मला बाईसाहेबांशेजारी ठेवा म्हणते आणि डेस्डेमोनाचं विलोचं गाणं गुणगुणते. 1622 च्या छापील प्रतीत हे गुणगुणणं नाही, 1623 च्या फोलिओत आहे. वेळ वाचवायला दिग्दर्शकांची कात्री आधी इथेच पोचते. कापायचंच असेल तर माझी दुसरी वाक्यं कापा, असं मी सांगते. ऑथेल्लो शेवटच्या भाषणात स्वतःबद्दल बोलतो, एमिलियाचं नावही काढत नाही. तिला डेस्डेमोनाशेजारी जागा द्यायची, की खाली फरशीवर सोडायची, हे ठरवणं आपल्या हातात आहे. आणि मी पलंगाला दोघींपुरती रुंदी आहे ना, हे नेपथ्यकाराला आधीच विचारून घेते.