पऱ्हाटीखालचं बिऱ्हाड

मृगाचे दोन-चार पाऊस जिरले की यवतमाळकडच्या वावरांत, धुऱ्यालगत, मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसू लागतात. ताज्या असल्या की बोटाखाली लोण्यासारख्या दबतात, वाळल्या की टणक होतात. गांडुळाच्या पोटातून फिरून आलेली ही माती. भोवतालच्या मातीपेक्षा तिच्यात नत्र-स्फुरद जास्त. डोळे नाहीत, दात नाहीत, फुप्फुसं नाहीत, श्वास घ्यायचा तो ओल्या कातडीनं, आणि तरी रात्रभर एवढी उलथापालथ!

आमची काळी तशी लहरी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात इतकी चिकट की पाणी वरच तुंबतं. वैशाखात गांडूळ खोल उतरून वेटोळं घालून पडून राहतं. ओल पोचली की हलतं, वर येतं. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटांनी पाऊस मुळांपर्यंत पोचतो.

डार्विनचं शेवटचं पुस्तक गांडुळांवरच, १८८१ सालचं. या गृहस्थानं गांडुळांच्या कुंड्या चक्क पियानोवर ठेवल्या. हवेतले सूर त्यांना कळले नव्हते; पण कुंडी पियानोवर ठेवून पट्टी दाबली, की गांडुळं बिळात पळायची. कंप कळतो त्यांना. मग आपल्या ट्रॅक्टरखाली त्यांचं काय होत असेल?

आणि फवारणीचं? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसांची निदान मोजदाद झाली. मातीत मेलेल्यांचा पंचनामा होत नसतो.

याच जिल्ह्यातल्या सुभाष शर्मांनी रासायनिक शेती करून पाहिली, मग सोडली. गाय, झाडं, पक्षी आणि काडीकचरा यांच्या भरवशावर माती पुन्हा उभी केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गांडूळखताच्या टाक्यांना माझा विरोध नाही. पण टाकीतलं ते लालसर आयसेनिया फेटिडा शेणात आणि कुजक्या पाल्यात रमणारं. काळीत खोल बिळं पाडणं हे त्याचं काम नव्हे. ते काम इथल्या गांडुळांचं, आणि ती विकत आणावी लागत नाहीत. ओल, सावली आणि खायला काडीकचरा मिळाला की वाढतात.

तेव्हा यंदा वेचणी आटोपली की कपाशीच्या पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवू नका. बोंडअळीचा धोका असतो, म्हणून उभ्याही ठेवू नका. चुलीपुरत्या घरी न्या, बाकीच्या यंत्रानं बारीक करून वावरातच पसरा.