पडद्यावरची चूल

१९९३ साली संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला. पुढे मराठी वाहिन्यांवरही चुली पेटल्या. मी मास्तर, त्यामुळे हजेरी घेण्याची खोड! येसराची आमटी, हुरडा, भाकरी या नावांनी आमचा मराठवाडा तिथे अधूनमधून ‘हजर’ म्हणतो. गावकुसाबाहेरची चूल मात्र मला तिथे दिसली नाही. तिची नोंद आमच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली. महार-मांगांच्या घरचे पदार्थ त्यात कृतीसह आले. पडद्यावर ‘चवीनुसार मीठ’ म्हणतात. या चुलीवर मीठच काय, तेलही ऐपतीनुसार पडत आले. हे सांगायला त्या घरचीच बाई पडद्यावर यायला हवी. तोवर हा पट अपुराच.