मुद्रणपूर्व दुरुस्तीचे स्वयंचलन आणि मराठी अक्षर

संगणकावर जुळवलेले पान आणि छपाईयंत्रावर चढणारी प्लेट यांच्या दरम्यान होणाऱ्या कामांना मुद्रणपूर्व प्रक्रिया म्हणतात. रंगविभाजन, फर्मा लावणे, प्लेट काढणे ही कामे तिच्यात येतात. परंतु त्यांच्याही आधी, ग्राहकाकडून आलेली फाइल छापण्याजोगी आहे की नाही हे तपासणे आणि नसल्यास ती तशी करून घेणे, हे तिचे पहिले आणि बहुधा दुर्लक्षित राहणारे काम होय. खिळ्यांच्या काळात ही जबाबदारी कंपोझिटर, मुद्रितशोधक आणि मशीनमन यांच्यात वाटलेली होती. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची शुद्ध छपाईबद्दलची कीर्ती जितकी त्याच्या देखण्या टाइपांची, तितकीच प्रुफे वाचणाऱ्या शास्त्री-पंडितांची होती. डीटीपी, म्हणजे संगणकावरील पानजुळणी, आल्यावर जुळणी छापखान्याबाहेर गेली, ग्राहक तयार फाइल घेऊन येऊ लागला आणि तिच्यातील दोष हुडकण्याचे काम सीटीपीवर, म्हणजे फिल्म न काढता संगणकावरून थेट प्लेट उमटवणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या एकट्या माणसावर येऊन पडले. हे काम नियमांत बांधून संगणकप्रणालीकडे सोपवणे म्हणजेच दुरुस्तीचे स्वयंचलन.

ते शक्य झाले पीडीएफमुळे. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या या स्वरूपात पानावरील अक्षर, रेघ, छायाचित्र अशी प्रत्येक वस्तू तिच्या मापासह आणि रंगासह नोंदलेली असते, त्यामुळे पान डोळ्यांनी न पाहताही त्याची चौकशी करता येते. छपाईसाठीच्या पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असावेत, रंग छपाईच्या शाईंतच सांगितलेले असावेत, अशा अटी घालणारे पीडीएफ/एक्स-१ए हे आंतरराष्ट्रीय मानक २००१ मध्ये आले. बेल्जियममधील एन्फोकसची पिटस्टॉप आणि बर्लिनच्या कॅलासची पीडीएफटूलबॉक्स या प्रणाली आज केवळ दोष दाखवून थांबत नाहीत, तो दूरही करतात; आणि हायडेलबर्गची प्रिनेक्ट किंवा कोडॅकची प्रिनर्जी यांसारख्या कार्यप्रवाह-प्रणालींत ही दुरुस्ती फर्मा लावण्यापासून प्लेटपर्यंतच्या साखळीत गुंफलेली असते. लहान छापखान्याला एवढा पसारा लागत नाही. संगणकावरील एका ठरावीक फोल्डरमध्ये, ज्याला हॉट फोल्डर म्हणतात, फाइल टाकली की ठरवून दिलेले नियम तिच्यावर आपोआप चालतात आणि दुरुस्त फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये, अहवालासह, येऊन पडते.

या विषयावरील बहुतेक विवेचन मासिके आणि खोकी छापणाऱ्या युरोपीय कारखान्यांना समोर ठेवून झालेले असल्याने ते मराठी मुलखातील जॉबवर्कला, म्हणजे फुटकळ छपाईकामांना, कितपत लागू पडते हे निराळे तपासावे लागते, आणि त्यासाठी भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीसारखे क्षेत्र सोयीचे आहे. तानसा नदीच्या काठचे हे देवस्थान वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी केलेल्या नवसाशी परंपरेने जोडलेले असून १७३९ हे वसईविजयाचे वर्ष तेथील माहितीत हमखास येते. शेजारी अकलोलीची उष्ण कुंडे आणि गणेशपुरीचे नित्यानंदांचे समाधिस्थान आहे. अशा परिसराला लागणारा छापील माल ठरलेला असतो: चैत्र अमावास्येच्या यात्रेची भित्तीपत्रके, पावतीपुस्तके, माहात्म्यपुस्तिका, लॉजच्या जाहिराती, लग्नपत्रिका. कामे लहान, मुदत आजची, फाइल कोरलड्रॉमध्ये केलेली आणि मोबाइलवरून पाठवलेली, अशी ही जातकुळी आहे. यात्रेच्या एखाद्या कल्पित भित्तीपत्रकावर स्वयंचलित नियम चालवले तर काय साधते आणि काय निसटते, एवढेच येथे पाहायचे आहे.

जे साधते ते कमी नाही, आणि त्यात पहिला मान काळ्या रंगाचा. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचा बनतो, तर छपाईचा सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंचा. पडद्यावरचा काळा चार शाईंत उतरवताना फोटोशॉपच्या प्रचलित मांडणीनुसार तो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के असा फुटतो. बेरीज ३०० भरते. मोठ्या काळ्या पट्ट्यात हे खपून जाते, परंतु यात्रेच्या कार्यक्रमाचा बारीक मजकूर चार प्लेटांवर विभागला गेला की रजिस्टर, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची अचूक बसणी, केसभर हलताच प्रत्येक अनुस्वाराला रंगीत पिल्लू फुटते आणि वेलांटीची पोकळी भरून जाते. शिवाय वृत्तपत्री कागदाला एकूण शाई साधारण २४० टक्क्यांपर्यंतच सोसत असल्याने शाई ओली राहून वरच्या कागदाच्या पाठीला लागते ती वेगळीच. काळा मजकूर केवळ काळ्या शाईच्या १०० टक्क्यांवर आणणे आणि तो खालच्या रंगात भोक न पाडता त्यावरच छापणे, ज्याला ओव्हरप्रिंट म्हणतात, ही दुरुस्ती प्रणाली निमिषात आणि न थकता करते. याच ओव्हरप्रिंटची खूण चुकून पांढऱ्या अक्षरावर राहिली तर ते अक्षर प्लेटवर नाहीसे होते, म्हणून पांढऱ्यावरून ती काढून टाकणे हाही तितकाच निर्धोक नियम आहे. अशा दुरुस्त्यांत ग्राहकाला काय हवे होते हे विचारावे लागत नाही. उत्तर एकच असते.

ब्लीडपाशी हा सरळपणा संपतो. कटिंग थोडे इकडेतिकडे झाले तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून पार्श्वभूमी कागदाच्या मापाबाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात, तिला ब्लीड म्हणतात. ती नसल्यास प्रणाली पानाच्या कडेचा भाग आरशातल्यासारखा उलटा करून बाहेर जोडते. कडेला आकाश किंवा सपाट रंग असेल तर कोणाला कळतही नाही. पण लग्नपत्रिकेची वेलबुट्टीची चौकट कडेला टेकलेली असते, आणि भित्तीपत्रकाच्या तळाशी शुभेच्छुकांची नावे अगदी धारेपर्यंत दाटलेली असतात, कारण एकही नाव गाळणे परवडत नाही. तेथे आरशातली चौकट दुहेरी होते आणि नावांची उलटी शेपटे उमटतात.

छायाचित्रांबाबत तर प्रणालीचा अहवाल चक्क फसवू शकतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. मोबाइलवरून आलेल्या छायाचित्राची लांब बाजू १६०० पिक्सेल असेल तर ते जेमतेम सव्वापाच इंच छापता येते, आणि भित्तीपत्रकावर ते दीड फूट ताणलेले असते. पिक्सेल वाढवून आकडा ३०० वर नेण्याचा नियम लिहिता येतो, तो लिहिला की अहवालात हिरवी खूण येते आणि देवीचा मुखवटा पूर्वीइतकाच धूसर राहतो. असा नियम कोणत्याही छापखान्याने ठेवू नये. येथे प्रणालीने काम अडवून माणसाला हाक मारणे हीच योग्य दुरुस्ती. शेंदराचेही तसेच आहे. पडद्यावर झळकणारा तेजस्वी शेंदरी चार शाईंच्या कक्षेत मुळात मावत नाही, त्यामुळे आपोआप झालेल्या रूपांतरात तो विटकरीकडे झुकतो. पुरेसा पिवळा ठेवून सायन जवळजवळ काढून टाकणारा जाणता हात त्याला पुष्कळ सावरतो, पण कोणत्या छायाचित्रात शेंदूर आहे आणि कोणत्यात मंदिराची कौले, हे प्रणालीला कोणी सांगायचे?

खरी अडचण मात्र अक्षरांत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर सी-डॅकच्या आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या प्रणालींतून जुळवला जाई आणि जॉबवर्कमध्ये तो अजूनही तसाच येतो. या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट जवळ असेतोवर पान मराठी दिसते, तो हरवला की त्याच जागी रोमन चिन्हांची रांग उभी राहते. तपासणीच्या दृष्टीने दोन्ही पाने निर्दोष, कारण प्रत्येक चिन्ह वैध आहे आणि फॉन्टही, मग तो दुसराच का असेना, अंतर्भूत आहे. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेण्याची साधनेही आहेत, परंतु त्यांतली काही ‘दऱ्या’तील ऱ्य ओळखत नाहीत आणि ‘दर्या’ करून ठेवतात, म्हणजे दऱ्यांचा समुद्र होतो.

युनिकोडने हा प्रश्न मिटला असे मानण्याचे कारण नाही. युनिकोडमध्ये मजकूर उच्चारक्रमाने साठवलेला असतो आणि जोडाक्षर घडवणे, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे आणणे ही कामे पानजुळणीच्या प्रणालीने करायची असतात. इनडिझाइनसारख्या प्रणालीत भारतीय लिपींसाठीचा पर्याय निवडलेला नसेल तर ‘वज्रेश्वरी’तील ज्र आणि श्व फुटून पाय मोडलेली अक्षरे सुटी उभी राहतात, ‘निमंत्रण’ची वेलांटी न च्या पलीकडे जाऊन पडते, आणि पीडीएफ झाल्यावर ही मोडतोड केवळ आकारांच्या रूपात गोठून बसते. तिला दोष म्हणून ओळखणारा नियम सर्वसाधारण तपासणीत नसतो. त्याहून सूक्ष्म प्रकार ल आणि श यांचा: अनेक फॉन्टांत या अक्षरांची हिंदी वळणे मूळ म्हणून असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी वळणे येतात. मराठी वर्णमालेच्या लेखनाविषयी शासनाने २००९ मध्ये निर्णय काढला, तरी भाषेची ती एक नोंद करण्याचे कष्ट जुळणी करणारे क्वचितच घेतात.

या साऱ्यावर छापखान्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ हे वाक्य. कर्व्ह करणे म्हणजे अक्षरांचे निव्वळ रेषाकृतींत रूपांतर करणे. मग फॉन्ट हरवण्याची भीती उरत नाही. पण त्याबरोबर मजकूरही उरत नाही, आणि काळ्या मजकुराचा वर सांगितलेला हुकमी नियम नेमका येथे निकामी होतो, कारण पानावर मजकूरच नसल्याचे प्रणालीला दिसते आणि चार शाईंचा काळा जसाच्या तसा प्लेटवर जातो. मराठी जॉबवर्कसाठी नियम लिहिताना म्हणूनच मजकुराबरोबर लहान आकाराच्या, सपाट भरलेल्या काळ्या रेषाकृतीही त्या नियमाच्या कक्षेत घ्याव्या लागतात. परदेशी प्रणालीबरोबर आलेली तयार नियमावली जशीच्या तशी वापरणाऱ्याला हे सहसा उशिरा, छपाई झाल्यावर उमगते.

मजकुरातील चुकीला तर नियमच नाही. पुस्तिकेत १७३९ च्या जागी १७९३ पडले तर कोणतीही प्रणाली हटकणार नाही. ते मुद्रितशोधकाचे काम होते आणि आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी प्रूफ डीटीपीवाल्याच्या प्रिंटवर वाचले जाते, त्यावर ग्राहकाची सही होते, आणि त्यानंतर फाइल हॉट फोल्डरमध्ये पडून तिच्यात पाचपन्नास बदल होतात, जे सही करणाऱ्याने पाहिलेलेच नसतात. बदलांची नोंद ठेवण्याची सोय पिटस्टॉपसारख्या प्रणालीत आहे. तो अहवाल वाचण्याची सवय मात्र छापखान्याला स्वतःच लावून घ्यावी लागते. स्वयंचलन बसवणाऱ्या प्रत्येक मराठी मुद्रकाने निदान एवढे करावे: वाचण्याचे अखेरचे प्रूफ दुरुस्तीनंतरच्या पीडीएफचे काढावे, आणि सही त्यावरच घ्यावी.