सप्तपदीनंतरचे कागद

आपल्या समाजातील मुलामुलींचे विवाह परदेशस्थ कुटुंबांशी जुळणे आता नवलाचे राहिलेले नाही. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील अनेक घरांचा एखादा तरी धागा अमेरिकेपर्यंत गेलेला आढळतो. स्थळ पाहताना आपण शिक्षण, स्वभाव, आहार, घराणे यांची बारकाईने चौकशी करतो. परंतु अक्षता पडल्यानंतर मुलीला पतीच्या घरी पोचावयास किती काळ लागेल आणि त्यासाठी कोणते कागद लागतील, हा विषय बैठकीत सहसा निघत नाही. आमच्या बैठकीत तो जावईबापूंनी स्वतः काढला. "दीड वर्ष तरी धरून चाला," असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले, आणि मला वाटते त्याच वाक्याने माझे मत त्यांच्या बाजूने झुकले.

विवाह १८ डिसेंबर २०२२ रोजी सांगलीत झाला. चातुर्मासात आपण लग्ने करीत नाही आणि अमेरिकेत नोकरी करणाऱ्यास मोठी रजा मिळते ती नाताळात; त्यामुळे या बाबतीत दोन्ही पंचांगे जुळली. जावईबापू अमेरिकेचे नागरिक आहेत. नागरिकाच्या पत्नीस तेथील कायदा निकटचे नातलग मानतो व अशा व्हिसांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नवरा केवळ ग्रीन कार्डधारक असेल तर मात्र संख्येचे बंधन येते आणि रांगेत थांबावे लागते. हा भेद स्थळ पाहतानाच विचारून घ्यावा, असे मी अलीकडे परिचितांना सांगत असतो.

अर्ज मुलीने करावयाचा नसतो, नवऱ्याने करावयाचा असतो. आय-१३० नावाचा हा अर्ज तेथील नागरिकत्व व स्थलांतर विभागाकडे जातो. तो मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे येते. तेथे ३२५ डॉलर व्हिसा अर्जाचे आणि १२० डॉलर हमीपत्राच्या छाननीचे भरले की डीएस-२६० हा दुसरा अर्ज खुला होतो आणि कागदांच्या प्रती संगणकावरून पाठवावयाच्या असतात. शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. मांडून दाखविले की हे तीन टप्पे वाटतात. आमच्याकडे त्यांना वीस महिने लागले.

बँकेत माझी ३४ वर्षे गेली, त्यांपैकी बराच काळ कर्ज विभागात. कागदांची यादी करणे, तारखा जुळविणे, सही कोणाची व शिक्का कोठला हे पाहणे, ही कामे मला परकी नव्हती. परंतु बँकेत आम्ही पाहत असू तो माणूस पैसे फेडील की नाही. येथे पाहावयाचे होते ते हे, की लग्न खरे आहे की नाही. व्हिसासाठी केलेले खोटे विवाह तेथील अधिकाऱ्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. त्यांचा संशय गैर म्हणता येणार नाही. तरीही पाचशे पाहुण्यांसमोर लावून दिलेल्या लग्नाचा पुरावा गोळा करीत बसणे बापाला चमत्कारिक वाटतेच.

पहिली गाठ जन्मदाखल्याशी पडली. मुलीचा जन्म १९९५ साली तिच्या आजोळी, शिरोळ तालुक्यातील एका गावी झाला. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आमच्याकडची जुनी प्रत २०१९ च्या महापुरात भिजून गेली होती. २०१७ साली पासपोर्ट काढताना शाळा सोडल्याचा दाखला चालला होता, त्यामुळे जन्मदाखल्याची आठवण कोणी काढली नव्हती. ग्रामपंचायतीत जाऊन नवी प्रत मागितली. ग्रामसेवकांनी नोंदवही काढली. तारीख बरोबर, आईचे नाव बरोबर, माझे नाव बरोबर, लिंग स्त्री, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. जन्माची नोंद तिसऱ्या दिवशी झाली होती आणि बारसे बाराव्या दिवशी. त्या काळच्या असंख्य नोंदी अशाच आहेत. वाचकांनी आपापल्या घरच्या मुलांचे दाखले एकदा काढून पाहावेत. नाव नसलेला दाखला अमेरिकेच्या व्हिसासाठी पुरा पडत नाही.

कायद्यात यावर उपाय आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली नोंदीत नंतर नाव घालता येते. पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. ही पंधरा वर्षे उलटलेल्या जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिली, तिचा आम्हांस लाभ झाला. माझा अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, प्रतिज्ञापत्र असे सारे जोडले. तिच्या मामांनी चार खेपा घातल्या. एकोणतीसाव्या वर्षी कोऱ्या जागेत नाव चढले. ते नाव तिच्या आजीने ठेवले होते आणि आजी दोन वर्षांपूर्वीच गेली होती. घरी दाखला आणला तेव्हा सौ.ने तो पुष्कळ वेळ हातात धरून ठेवला.

आडनावाचे इंग्रजी लेखन हा दुसरा घोळ. शाळेने 'ए-यू' लिहिले, विद्यापीठाने 'ओ-यू'. मराठीत एकच असणारे आडनाव इंग्रजीत दोन माणसे होऊन बसते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर 'ही व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र केले. लग्नानंतर नाव बदलावयाचे नाही, हे मात्र आम्ही आधीच ठरविले होते. पासपोर्टवर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव आहे ते तसेच राहू द्यावे. विवाह प्रमाणपत्राने नाते सिद्ध होते, नाव बदलल्याने ते अधिक सिद्ध होत नाही. याबद्दल काही वडीलधाऱ्यांची नाराजी झाली. ती आम्ही सोसली.

विवाह नोंदणी सर्वांत सोपी गेली. हिंदू विवाह कायदा, १९५५ जैनांना लागू आहे आणि आपल्या चालीरीतींप्रमाणे झालेला विवाह तो मान्य करतो. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली नमुना 'ड' भरून, तीन साक्षीदार उभे करून नोंद होते. पुरोहिताच्या जागी आमच्या उपाध्यांनी सही केली. जावईबापूंची रजा संपण्याच्या आत हे उरकावे लागते, कारण दोघांनी समक्ष हजर राहावयाचे असते.

मराठी कागदांचे भाषांतर करणाऱ्याने आपणास दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे असे लिहून खाली सही करावयाची असते. आमच्या गल्लीतील एक निवृत्त इंग्रजीचे प्राध्यापक या कामास आनंदाने तयार झाले. दाखले त्यांनी एका दुपारी संपविले. लग्नपत्रिकेपाशी मात्र गाडी अडली. 'चि. सौ. कां.' याला इंग्रजीत काय म्हणावे? चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी, हे सारे त्यांनी अर्धे पान भरून समजाविले, मग खोडले आणि 'वधू' एवढाच शब्द ठेवला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या ओळीवर त्यांनी आणखी एक दिवस घालविला.

खरी कसोटी होती ती सहजीवनाच्या पुराव्यांची. एकत्र भाड्याचे घर, एकत्र खाते, एकत्र विमा, एकत्र आयकर विवरण अशी यादी असते. परंतु आपल्याकडे ठरवून झालेल्या लग्नात नवरा तीन आठवड्यांनी परत जातो. एकत्र घर कोठून आणावे? छायाचित्रे, विमानाची तिकिटे, दूरध्वनींच्या नोंदी, दोन्ही कुटुंबे एकत्र दिसतील असे प्रसंग, प्रत्येक फोटोखाली तारीख व नावे, यांवर भर द्यावा लागला. नटूनथटून काढलेल्या शेकडो फोटोंपेक्षा जेवणाच्या पंक्तीत दोन्हीकडची माणसे बसलेली आहेत असा एक फोटो अधिक बोलका, असे माझे मत झाले.

त्यातच मुलीच्या मुदत ठेवींवरील नामनिर्देशनाचा विषय निघाला. पत्नीने पतीस वारस नेमणे हा नात्याचा साधा, सच्चा पुरावा आहे. पूर्वीचे नामनिर्देशन तिच्या आईच्या नावे होते. ते बदलण्याचा नमुना डीए-३. हा नमुना मी आयुष्यात हजारो वेळा ग्राहकांपुढे सरकविला असेन; बहुधा एका मिनिटाचे काम. त्या दिवशी तो आमच्या जेवणाच्या मेजावर होता. सौ. शेजारी बसून भाजी निवडत होती. "माझं नाव काढ, त्यांचं घाल. तसंच असतं," ती म्हणाली आणि निवडत राहिली. मुलीने सही केली. साक्षीदार म्हणून मी केली नाही, शेजाऱ्यांना बोलाविले. नियमाने मला हरकत नव्हती.

डीएस-२६० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते मागतात. पुण्यातील दोन वसतिगृहे आणि तीन भाड्याच्या खोल्या आम्ही जुन्या पावत्यांवरून शोधल्या. पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून ५०० रुपयांत मिळाला. जावईबापूंचे हमीपत्र, आय-८६४, त्यांनी आयकराच्या उताऱ्यांसह पाठविले. त्यात उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के दाखवावे लागते. वैद्यकीय तपासणी व लसी मुंबईत झाल्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत झाली. आम्ही दोघे बाहेर थांबलो. तिचा मोबाईल माझ्या खिशात. तास-दीड तासाने ती आली. कशी ओळख झाली, ते काय काम करतात, सासरी कोण कोण असते, एवढेच विचारले म्हणाली. अडीच किलोची फाईल त्यांनी फारशी उघडली नाही. व्हिसा मिळाला.

मग आमच्यात मतभेद झाला. अमेरिकेत प्रवेशाच्या दिवशी लग्नास दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचे व सशर्त मिळते; त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज, पुन्हा सारे पुरावे जोडून, करावा लागतो. २०२४ च्या दरपत्रकानुसार शुल्क ७५० डॉलर. दोन वर्षे पूर्ण झालेली असतील तर कार्ड थेट दहा वर्षांचे. आमची दोन वर्षे १८ डिसेंबरला पुरी होत होती आणि व्हिसाची मुदत मार्चपर्यंत होती. मी कागदावर हिशेब मांडला. दिवाळी झाल्यावर ६ नोव्हेंबरला निघण्याऐवजी ४२ दिवस थांबले तर पैसे वाचतात आणि दुसरी छाननी टळते. हिशेब निर्दोष होता. आजही मी तो कोणालाही दाखवीन.

मुलीने तो शांतपणे वाचला. "आप्पा, दोन वर्षांत आम्ही एकत्र किती दिवस राहिलो ते सांगू? सत्तावन्न." अर्जासाठी तिने पासपोर्टवरील शिक्क्यांवरून तो आकडा काढून ठेवला होता. सौ. म्हणाली, "जाऊ दे तिला." तिकीट ६ नोव्हेंबरचेच निघाले. निर्वाण लाडू चढवून, भाऊबीज आटोपून ती गेली.

तिचे कार्ड दोन वर्षांचे आहे. २०२६ च्या ऑगस्टपासून पुढचा अर्ज करता येईल. आता घरभाड्याचा करार दोघांच्या नावे आहे, विजेचे बिलही. दर महिन्याला ती प्रती पाठविते आणि मी येथे तारखेप्रमाणे लावून ठेवतो. मध्यंतरी तिने समुद्रकिनाऱ्यावरील दोघांचे फोटो पाठविले, खाली तारीख व ठिकाण लिहून. सौ.ने ते पाहिले व तिला कळविले की हे बाबांच्या फाईलला राहू देत, मला तुझे स्वयंपाकघर दाखव.