‘जर्मन शिकून काय करणार?’

मुलगी काय शिकते, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता आलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. डी.एड., नर्सिंग, फार्मसी, कृषी; शब्द ऐकला की पुढची नोकरी, पगार आणि स्थळ, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. पण आमच्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी 2019 साली बारावीनंतर पुण्याला बी.ए.ला गेली आणि ‘जर्मन शिकते’ असं सांगायची पाळी आली, तेव्हा किन्हीराजात आमची चांगलीच पंचाईत झाली. आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी! शेजारच्या आजींनी तर सरळ विचारलं, “भांड्याचं शिकाले पुण्याले कायले धाडली वं?”

आम्ही हसण्यावारी नेलं, पण प्रश्न खोटा नव्हता. सोयाबीनच्या पैशातून फी, खोलीचं भाडं, मेसचा डबा, तीन वर्षं! एवढं करून हाती काय येणार? मी गावातल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे ‘काकूनंच हे डोक्यात भरवलं’ असा आळही माझ्यावर आला. म्हणूनच मी तिचं शिकणं जरा जवळून पाहत राहिले. त्यातून जे ध्यानात आलं ते मैत्रिणींना सांगावंसं वाटतं.

पहिलं वर्ष तिला फार जड गेलं. वर्गातल्या कितीतरी मुलांनी शाळेतच आठवीपासून जर्मन घेतलेलं. बाई वर्गात आल्या की जर्मनमध्येच बोलायच्या. शब्दकोश जर्मन-इंग्रजी; म्हणजे आधी जर्मनचं इंग्रजी करायचं, मग त्या इंग्रजीचं मराठी. एका ओढ्यावर दोन सांकव! त्यातून हिची बोली वऱ्हाडी. ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राहिली’ असं तोंडातून निघालं की मागच्या बाकावर खसखस पिके. हळूहळू ती बोलायचीच बंद झाली. आणि भाषेच्या वर्गात जी बोलत नाही ती शिकणार तरी कशी?

मग एक दिवस तिचा फोन आला. आवाजच वेगळा. “काकू, जर्मनमध्ये पण तो, ती, ते आहे!” इंग्रजीतून आलेल्या मुलींना खुर्ची पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हा प्रश्नच चमत्कारिक वाटे. हिला मात्र ‘तो तांब्या, ती वाटी, ते पातेलं’ जन्मापासून पाठ. लिंगं जुळत नाहीत हो. तिकडे सूर्य बाई आहे आणि चंद्र पुरुष! ‘मेडशन’ म्हणजे मुलगी, तर ती चक्क नपुंसकलिंगी. हिच्या मैत्रिणी चिडल्या. ही म्हणाली, त्यात काय, आपण नाही का ‘ते पोरगं’, ‘ते लेकरू’ म्हणत?

पुढे तर तिला अशा गमती सापडतच गेल्या. जर्मन माणूस एकवीस म्हणताना ‘एक आणि वीस’ म्हणतो, आपल्यासारखाच आधी एकं, मग दशक. धाकट्याला, जवळच्याला ‘डू’, परक्याला ‘झी’. म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. आणि ‘कारण मी दमलेली आहे’ हे वाक्य जर्मनमध्ये शब्दाला शब्द ठेवून, ‘आहे’ शेवटी टाकून, अगदी आपल्याच क्रमाने म्हणतात. नेहमी नाही, पण ‘कारण’, ‘जर’, ‘की’ अशा जोडवाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला हे उलटं वाटतं, मराठीच्या वाटेने जाणारीला घरचं. तेव्हापासून तिने वहीत तीन रकाने आखले : जर्मन, इंग्रजी आणि घरचा शब्द. घरच्या रकान्यात वऱ्हाडी शब्दसुद्धा बिनदिक्कत लिहायची.

बोलीची भीडही तिथेच मोडली. स्वित्झर्लंडमधली जर्मन बोलणारी माणसं घरात, बाजारात आपली बोलीच बोलतात आणि प्रमाण जर्मन शाळेत शिकतात, हे तिला अभ्यासात कळलं. तिकडे कोणी आपली बोली लपवत नाही, मग मी का लपवू, असं तिने मलाच विचारलं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि ती घरी आली. दुसऱ्या वर्षाचे वर्ग मोबाइलवर. घरात रेंज मिळेना, म्हणून ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची. जाऊबाई वाळवणाच्या निमित्ताने वर जात आणि ऐकत बसत. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. एकदा मुलीने त्यांना अभ्यासातली गोष्ट सांगितली. फ्रान्झ काफ्काची, 1915 साली छापली गेलेली. घर चालवणारा मुलगा सकाळी उठतो तो किडा झालेला. आम्हांला वाटलं जाऊबाई हसतील. त्यांनी हातातली कुरडई खाली ठेवली न् विचारलं, “मंग घरच्यायनं काय केलं?”

मुलगी थक्क झाली. कारण सारी गोष्ट त्या एका प्रश्नातच आहे. कमावणारा हात थांबला की घर कसं बदलतं, हे आमच्या जाऊबाईंना कोणी शिकवावं लागलं नाही. त्या संध्याकाळी मुलीने पूर्ण गोष्ट आईला मराठीत सांगितली, शब्दासाठी अडखळत, पुन्हा मागे जात. तिचं पहिलं भाषांतर ते!

2021 मध्ये एक बरं स्थळ आलं. मुलाकडचे म्हणाले, उरलेलं एक वर्ष लग्नानंतर घरून करू द्या. थोरले दीर विचारात पडले. त्यांचंही चूक म्हणवत नाही, खर्चाचा आकडा तेच रोज पाहत होते. पण जाऊबाई, ज्यांनी बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या दारातूनच बोलल्या, “शिवणाची मशीन झाकून ठेवता येते भाऊ. भाषा झाकून ठेवली का गंजते. तिचं होऊ द्या, मंग पाहू.” स्थळ गेलं. घरात चार दिवस अबोला होता.

2022 मध्ये ती बी.ए. झाली. पुढे फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, एम.ए. केलं. आता ती एका कंपनीसाठी यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करते आणि संध्याकाळी शिकवण्या घेते. पगार डोळे दिपवणारा नाही. पण खोलीचं भाडं आता सोयाबीनमधून जात नाही, हेही खरं.

तुमच्या घरी कोणी भाषा घ्यायची म्हणत असेल, तर दोन-तीन गोष्टी ध्यानात असू द्या. वर्षभराच्या प्रमाणपत्रावर नोकरी ठरवू नका. युरोपातल्या भाषांना ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्या आहेत, आणि पहिल्या दोन म्हणजे नुसती तोंडओळख. मुलगी कितव्या पायरीवर आहे, ते विचारत जा. पुणं लांब वाटत असेल तर वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. 1975 साली नागपूरला भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात त्याची कल्पना निघाली आणि 1997 साली ते स्थापन झालं. तिथे चिनी, जपानी, फ्रेंच, स्पॅनिशही शिकवतात. आणि 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ‘जर्मन’ म्हटल्यावर भांडी आठवणं जरा कमी झालं आहे!

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ‘आपली मुलगी मराठी शाळेतली, तिला कसं जमेल?’ हे मनातून काढून टाका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल आणलं ते मराठीतच. परक्या भाषेच्या वाटेवर शिदोरी लागते ती घरच्या भाषेची. ती आपण आया, काकवा, आज्याच मुलींना बांधून देत असतो. ओवीतून, उखाण्यातून, रागावण्यातूनसुद्धा. तेव्हा मुलीशी भरपूर बोला, आणि आपल्या बोलीत बोला. ते वाया जात नाही.